रेकॉर्डवरून डिजिटल: आवाज उतरवणं आणि खरखर कमी करणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इथले प्रश्न सतत येणाऱ्या विचारणांतून घेतले आहेत. सुरुवातीला प्राथमिक, पुढे अडनिडे. उत्तरं स्वतंत्र वाचता यावीत अशी लिहिली आहेत. जिथे एकाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. खरखरीचा बंदोबस्त सुई आणि खाचेपाशी जितका होईल, तितकं पुढे सॉफ्टवेअरवर कमी विसंबावं लागतं, हे बहुतेक उत्तरांत पुन्हा पुन्हा दिसेल.

१. रेकॉर्डवरचं गाणं कॉम्प्युटरवर घ्यायला नेमकं काय काय लागतं?

टर्नटेबल, चांगल्या स्थितीतली सुई असलेलं कार्ट्रिज (सुईची हालचाल विजेत बदलणारा भाग), फोनो प्रीअँप (तो सिग्नल वाढवून दुरुस्त करणारा, प्रश्न ३), लाइन इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस (आवाज डिजिटल करून कॉम्प्युटरला देणारा) आणि ध्वनिमुद्रणाचं एखादं सॉफ्टवेअर. ऑडॅसिटी फुकट मिळतं आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. जोडणीचा क्रम असा: टर्नटेबल, प्रीअँप, इंटरफेस, कॉम्प्युटर. काही टर्नटेबलांत प्रीअँप आतच असतो आणि मागे ‘फोनो’ व ‘लाइन’ असं बटण असतं. बाहेरचा प्रीअँप जोडणार असाल तर ते बटण ‘फोनो’वर ठेवा. दोन्ही प्रीअँप एकामागे एक लागले तर आवाज फाटतो आणि खर्ज घुमायला लागतो.

पैसे कुठे खर्च करावेत असं विचाराल तर आधी सुई, मग रेकॉर्ड धुण्याचं साहित्य, मग बाकी सगळं. सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी.

२. माझ्या टर्नटेबललाच यूएसबी आहे. तेवढ्यावर भागेल का?

कार्ट्रिज कोणतं आहे त्यावर ठरेल. मॅग्नेटिक कार्ट्रिज, टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मागे सरकवता येणारं वजन आणि दाब मोजायची चकती असेल तर खुशाल वापरा. पेटीसारख्या स्वस्त सेटमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याची सुई ५ ग्रॅमच्या आसपास दाबाने चालते, तर साध्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला १.५ ते २ ग्रॅम पुरतात. जपायच्या रेकॉर्डवर असा सेट चालवू नये. यूएसबीवाल्या काही यंत्रांत आवाजाची पातळी बदलायची सोयही नसते; जोरकस रेकॉर्ड लावली की शिखरं कापली जातात आणि तुमच्या हातात काहीच उरत नाही.

३. वायर थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली. आवाज पातळ आणि चिरका येतो. का?

रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार (उंच सूर) मुद्दाम जास्त ठेवतात. खर्ज पूर्ण जोराने कापला तर खाच इतकी रुंद हलते की बाजूवर गाणी मावणार नाहीत. आणि तार वाढवून कापली की वाजवताना ती खाली आणता येते, तिच्यासोबत खरखरही खाली येते. हे गणित १९५४ पासून आरआयएए या नावाने प्रमाण झालं. वाजवताना फोनो प्रीअँप उलटी दुरुस्ती करतो: १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झ सुमारे १९ डेसिबल वर, १० किलोहर्ट्झ सुमारे १४ डेसिबल खाली. प्रीअँप वगळला की ही दुरुस्ती होत नाही.

शिवाय मूव्हिंग मॅग्नेट (मॅग्नेटिकचा नेहमीचा प्रकार) कार्ट्रिज जेमतेम ३ ते ६ मिलीव्होल्ट देतं आणि त्याला ४७ किलोओहमचा भार लागतो. माइकचं भोक ना तेवढा भार देतं, ना दोन वाहिन्या.

४. सुई कोणती घ्यावी? ७८ ला खरंच वेगळी लागते?

हो, आणि यात तडजोड करू नका. एलपीची (मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या व्हिनाइल रेकॉर्डची) खाच बारीक, तिला साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे १८ मायक्रॉन टोकाची सुई बसते. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डच्या) खाचेला ३ मिल, म्हणजे ७६ मायक्रॉनच्या आसपासचं टोक लागतं. एलपीची सुई ७८ वर लावली तर ती खाचेच्या तळाशी, साठलेल्या कचऱ्यातून घासत जाते आणि भिंतींवरचं संगीत तिला धड पोचत नाही. उलट केलं, म्हणजे ७८ ची सुई एलपीवर ठेवली, तर एलपीचं नुकसान होतं.

झिजलेल्या रेकॉर्डसाठी एक युक्ती आहे. खाचेची भिंत सगळीकडे सारखी झिजत नाही. आधीच्या सुया जिथे टेकल्या तोच पट्टा झिजतो. टोकाचा आकार किंचित वेगळा असलेली सुई भिंतीवर थोडी वर किंवा खाली टेकते आणि तिथे कधीकधी न झिजलेला भाग सापडतो. जुन्या रेकॉर्ड नियमित उतरवणारे लोक म्हणूनच २.५, २.८, ३ मिल अशा दोन-तीन सुया बाळगतात. कोणत्याही सॉफ्टवेअरने मिळणार नाही इतका फरक यातून पडू शकतो.

गोल टोकाची किंवा लंबवर्तुळी सुई साधारण ३०० ते ५०० तास टिकते. सुईच्या वापराचा इतिहास माहीत नसेल तर ती झिजलेली आहे असंच धरून चाला.

५. रेकॉर्ड धुवायची कशी? अल्कोहोल चालतं का?

व्हिनाइलला (एलपीच्या प्लॅस्टिकला) चालतं. लाखेच्या ७८ ला अजिबात नाही: लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि रेकॉर्ड कायमची जाते. घरगुती किंवा स्टुडिओत कापलेल्या लॅकर डिस्कलाही अल्कोहोल लावू नका.

व्हिनाइलसाठी १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १०० ते २०० मिलीलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनसुगंधी डिशवॉशचे दोन-तीन थेंब. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, गोल फिरवत घासा. आडवं घासू नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा विसळा. विसळणं कमी पडलं तर साबणाचा थर खाचेत वाळतो आणि सुईच्या टोकावर पांढरट गोळा जमतो. धुतल्यावर आवाज आणखी खराब झाला अशी तक्रार आली की कारण बहुतेक वेळा हेच निघतं. नळाचं पाणी क्षार मागे सोडतं, गरम पाण्याने रेकॉर्ड वाकते.

७८ साठी हेच मिश्रण अल्कोहोल वगळून. पटकन धुवा, लगेच पुसा. तडा गेलेली ७८ ओली करू नका, कारण काहींच्या पोटात कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा थर असतो आणि तो फुगतो. लेबल नेहमीच कोरडं ठेवा.

पूर्ण वाळल्यावर, लावण्याआधी कार्बन फायबरच्या ब्रशने एक-दोन फेरे. हवा फार कोरडी असेल तर रेकॉर्डवर स्थिर वीज साठते, धूळ ओढली जाते आणि मधूनच टक्‌ टक्‌ ऐकू येतं. त्या टकटकीचा ओरखड्याशी संबंध नसतो.

६. आवाजाची पातळी किती ठेवू?

रेकॉर्डचा सगळ्यात जोरदार भाग आधी वाजवून बघा. २४ बिटमध्ये घेत असाल तर संगीताची शिखरं उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या (शून्य ही कमाल मर्यादा) दरम्यान राहू द्या. ओरखड्याची टक संगीताच्याही वर उसळते. तिला जागा ठेवली तर पुढे क्लिक काढणाऱ्या फिल्टरला तिचा पूर्ण आकार मिळतो आणि तो ती नीट ओळखतो. पातळी कमी राहिली तर नंतर वाढवता येते. कापलेलं शिखर परत येत नाही.

७. २४ बिट ९६ किलोहर्ट्झ घ्यावं की १६ बिट ४४.१ पुरे?

मूळ प्रत २४/९६ मध्ये घ्या. एलपीवर ४० किलोहर्ट्झपर्यंत काही ऐकण्याजोगं असतं म्हणून नाही. जास्त सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाची जास्त मोजमापं घेतल्यावर) क्लिक टोकदार दिसते, संगीतापासून वेगळी पडते आणि नेमकी काढता येते. ऐकायची प्रत शेवटी १६/४४.१ करा.

जागेचा हिशेब: २४/९६ स्टिरिओ म्हणजे मिनिटाला सुमारे ३५ एमबी, ४० मिनिटांच्या एलपीला १.४ जीबीच्या आसपास. साध्या डब्ल्यूएव्ही फाइलला ४ जीबीची मर्यादा असते आणि या हिशेबाने ती दोन तासांनी गाठली जाते. म्हणून प्रत्येक बाजूची वेगळी फाइल करा.

८. मागे सतत ‘हं’ अशी गुणगुण येते. ती कुठून?

सुई रेकॉर्डवरून उचला, बाकी सगळं चालू ठेवा. गुणगुण तशीच राहिली तर ती विजेची आहे. थांबली तर मोटर किंवा बेअरिंगची घरघर आहे.

विजेची असेल तर टर्नटेबलची अर्थची बारीक वायर प्रीअँपच्या अर्थच्या स्क्रूला घट्ट लागली आहे ना पाहा. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गुणगुण गेली तर अर्थचं वेटोळं तयार झालंय: सगळी उपकरणं एकाच पट्टीवर लावा किंवा ध्वनिमुद्रण होईपर्यंत बॅटरीवरच राहा. प्रीअँपचा अॅडॉप्टर कार्ट्रिजच्या वायरींपासून हातभर दूर ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये ५० हर्ट्झ (काही देशांत ६०) आणि त्याच्या पटी १००, १५० वर अरुंद नॉच (तेवढंच कंपन कापणारे फिल्टर) लावता येतात, पण तिथेच खर्जाचे सूर राहतात. कारण काढता येत असताना नॉच लावू नये.

घरघरीसाठी २० ते ३० हर्ट्झखालचं कापणारा हाय-पास फिल्टर पुरतो. ध्वनिमुद्रण चालू असताना स्पीकर बंद ठेवून हेडफोनवर ऐका. स्पीकरची कंपनं सुईपर्यंत पोचतात आणि फाइलमध्ये उतरतात.

९. टक, चरचर, खरखर: सगळ्याला एकच उपाय नाही का?

नाही, आणि गल्लत इथेच होते. ‘टक’ म्हणजे सुटी, ठळक, जेमतेम मिलीसेकंदाची क्लिक. ओरखडा किंवा धुळीच्या कणाची. ‘चरचर’ म्हणजे अशाच हजारो बारीक क्लिकांची गर्दी. तळणीसारखी ऐकू येते. ‘खरखर’ म्हणजे सलग सूं आवाज, सगळ्या कंपनांत पसरलेला. तो रेकॉर्डच्या पदार्थाचा आणि झिजेचा असतो. पहिलीला डी-क्लिक, दुसरीला डी-क्रॅकल, तिसरीला नॉइज रिडक्शन. चरचरीवर नॉइज रिडक्शन चालवलं तर चरचर राहते आणि संगीत मात्र मलूल होतं.

ओरखडा ओळखायची खूण: टक ठरावीक अंतराने येते. ३३⅓ वर १.८ सेकंदांनी, ४५ वर १.३३, ७८ वर ०.७७. वेव्हफॉर्मवर हे अंतर मोजलं की एका टकेवरून पुढच्या सगळ्या कुठे आहेत ते सापडतं.

१०. सॉफ्टवेअरमध्ये आधी काय, मग काय?

आधी कच्च्या फाइलची प्रत बाजूला ठेवा, तिला हात लावायचा नाही. मग डी-क्लिक, डी-क्रॅकल, हाय-पास, गरज वाटलीच तर नॉइज रिडक्शन, मग आवाजाची पातळी, गाणी सुटी करणं, आणि अगदी शेवटी १६/४४.१ करताना डिदर (बिट कमी करताना मिसळलेली अगदी हलकी खरखर). क्लिक आधीच काढायची, कारण कोणताही फिल्टर किंवा सॅम्पल रेटमधला बदल तिला पसरट करतो आणि मग ती ओळखू येत नाही.

११. ऑडॅसिटीच्या ‘क्लिक रिमूव्हल’मध्ये कोणते आकडे ठेवू?

मूळचे २०० (थ्रेशोल्ड) आणि २० (क्लिकची कमाल रुंदी) तसेच ठेवून ३० सेकंदांच्या तुकड्यावर बघा. पहिला आकडा कमी केला की फिल्टर जास्त संवेदनशील होतो; दुसरा वाढवला की लांब क्लिकाही पकडतो. टक राहिल्या तर पहिला १५०, मग १२० असा उतरवा. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

हा फिल्टर चुकतो तो चढ्या ठोक्यांवर. तबल्याची चाट, सतारीवरचा नखीचा आघात, ट्रंपेटचा टोकदार सूर त्याला क्लिकसारखेच दिसतात. अशा संगीतावर हात हलका ठेवा आणि उरलेल्या ठळक टका एकेक करून काढा: सॅम्पलचे ठिपके दिसेपर्यंत झूम करा, बिघडलेले तेवढेच निवडा आणि ‘रिपेअर’ चालवा. हे एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच चालतं, म्हणजे ९६ किलोहर्ट्झवर १.३ मिलीसेकंद. खोल ओरखड्याची क्लिक याहून लांब असेल तर तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या तशाच ठोक्याचा तुकडा तिथे चिकटवावा लागतो. वेळखाऊ काम आहे, पण आवडत्या गाण्यातल्या चार-सहा टकांसाठी वसूल होतं.

आयझोटोप आरएक्सचे डी-क्लिक आणि डी-क्रॅकल वेगवेगळे आहेत आणि चरचरीवर ते बरेच सरस ठरतात. रेकॉर्ड शेकड्याने असतील तरच तो खर्च करावा.

१२. नॉइज रिडक्शननंतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा, घुंगरं किणकिणल्यासारखा होतो. काय चुकलं?

मात्रा. एकदम १८-२० डेसिबल काढायला गेलात की हे होणारच. ६ डेसिबलवर थांबा, अगदीच वाटलं तर नवा नमुना घेऊन पुन्हा ४-५. खरखर पूर्ण घालवायची नसते. ती इतकी मागे गेली पाहिजे की कान तिला सोडून गाण्याकडे वळेल.

खरखरीचा नमुना सुई टेकल्यानंतर आणि गाणं सुरू होण्याआधीच्या खाचेतून घ्या, किमान एक सेकंद. त्यात सुई टेकल्याचा धप्प आवाज किंवा एखादी टक आली तर सगळा हिशेब बिघडतो, म्हणून आधी डी-क्लिक. गाण्याच्या आतला शांत तुकडा नमुना म्हणून कधीच घेऊ नका. शांत वाटणाऱ्या त्या जागी तानपुऱ्याची आस किंवा सभागृहाची गुंज असते, आणि फिल्टर तिलाच खरखर समजून पूर्ण गाण्यातून पुसून टाकतो.

१३. मी जास्त तर काढत नाही ना, हे कसं ओळखू?

जे काढलं ते ऐका. ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनमध्ये ‘रेसिड्यू’ निवडलं की फक्त काढलेला भाग ऐकू येतो. आरएक्सच्या डी-क्लिकमध्येही अशी सोय आहे. इतर फिल्टरसाठी कच्ची फाइल आणि साफ केलेली फाइल एकाखाली एक ठेवा, एक उलटी (‘इन्व्हर्ट’) करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. त्यात शब्द, सूर किंवा ताल ओळखू आला तर तुम्ही संगीत काढताय. नुसता कचरा ऐकू आला तर बरोबर.

१४. मोनो रेकॉर्ड स्टिरिओत घ्यायची का?

घेताना स्टिरिओतच. मोनो खाच आडवी हलते. सुईची उभी हालचाल म्हणजे निव्वळ घरघर आणि कचरा. दोन्ही वाहिन्या समप्रमाणात मिळवल्या की उभी हालचाल आपसांत कटते आणि दोन भिंतींची वेगवेगळी खरखरही सुमारे ३ डेसिबलने मागे पडते. इतकी फुकटची सफाई दुसरी नाही. मात्र मिळवण्याआधी डी-क्लिक करा, कारण टक बऱ्याचदा एकाच भिंतीवर असते. एक भिंत फारच झिजलेली असेल तर मिळवू नका. चांगल्या बाजूची वाहिनी तेवढी ठेवा.

अपवाद: पाथेच्या जुन्या आणि एडिसनच्या डायमंड डिस्क रेकॉर्डवर खाच उभी कापलेली असते. तिथे संगीत मिळवण्यात नाहीसं होतं. एक वाहिनी उलटी करून मग मिळवावी लागते.

१५. प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटतात. हे सॉफ्टवेअरने जातं का?

फारसं नाही. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, आत लेबलपाशी २१ च्या आसपास. तेवढीच तार अर्ध्याहून कमी लांबीत दाटलेली असते आणि गोल टोकाच्या सुईला ती वळणं पेलत नाहीत. लंबवर्तुळी किंवा त्याहून बारीक धारेची सुई, कार्ट्रिजची जागा गेजने तपासणं आणि दाब निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अंगाला ठेवणं, एवढं करा. त्यानंतरही फाटत असेल तर खाच आधीच्या कुणाच्या तरी बोथट सुईने खरवडली आहे. प्रश्न ४ मधली दुसऱ्या आकाराच्या सुईची युक्ती करून बघा.

१६. टर्नटेबलला ७८ ची गती नाही. ४५ वर घेऊन पुढे वेग वाढवला तर?

चालतं, सुई ७८ ची असेल तर. मूळ गती ७८.२६ धरून (प्रश्न १७) वेग ७३.९ टक्के वाढवायचा. ३३⅓ वर घेतली असेल तर १३४.८ टक्के. हळू फिरल्यामुळे सुई खडबडीत जागी उडीही कमी मारते.

दोन अडचणी येतात. रेकॉर्डवरचा २० हर्ट्झ ४५ वर वाजताना ११.५ होतो, म्हणून प्रीअँपवर सबसॉनिक (ऐकू न येणारा खोल खर्ज कापणारा) फिल्टर असेल तर तो बंद ठेवा. दुसरी जास्त नाजूक: प्रीअँपने आरआयएए चुकीच्या कंपनांवर लावलेला असतो. आधी उलटा आरआयएए लावून तो काढा, मग वेग बदला, मग त्या रेकॉर्डचं योग्य वळण (खर्ज-तार दुरुस्तीचं प्रमाण) लावा (प्रश्न १७). हा क्रम मोडला तर आवाज गढूळ येतो.

१७. जुन्या ७८ बोदट ऐकू येतात आणि पट्टीही खाली-वर वाटते. नक्की गती ७८ च ना?

बोदटपणा बहुधा आरआयएएमुळे. १९५४ पूर्वी प्रत्येक कंपनीचं वळण वेगळं होतं. १९२५ नंतरच्या विद्युत मुद्रणांत खर्ज साधारण २५० ते ५०० हर्ट्झच्या खाली कमी केलेला असायचा. तार बऱ्याचदा वाढवलेली नसायचीच. आजचा प्रीअँप ती तरीही १० किलोहर्ट्झला १४ डेसिबलने दाबतो. इक्वलायझरने ती परत वर आणा, पण रेकॉर्डवर ७-८ किलोहर्ट्झपुढे खरखरीशिवाय काही नसेल तर तिथून पुढे उतार द्या.

गतीचं म्हणाल तर, प्रमाण ठरल्यावरही ६० हर्ट्झ विजेच्या देशांत ७८.२६ आणि ५० हर्ट्झच्या देशांत ७७.९२ होती. त्याआधीच्या रेकॉर्ड ७० पासून ८० च्या पुढेही सापडतात. साथीला पेटी किंवा पियानोसारखं ठरलेल्या सुराचं वाद्य असेल तर त्यावरून पट्टी जुळवा. गायकाच्या आवाजातलं कंपन अनैसर्गिक जलद किंवा संथ वाटतंय का, हीही चांगली खूण.

१८. लांब सूर डुगडुगतात.

वर-खाली होणं १.८ सेकंदांनी येत असेल तर भोक मध्यावर नाही. वाजताना टोनआर्म डावी-उजवीकडे झुलतो का पाहा. भोक गोल कानसीने किंचित मोठं करून रेकॉर्ड झुलणं थांबेपर्यंत सरकवा. दुर्मीळ रेकॉर्डवर कानस चालवू नका. नंतर सॉफ्टवेअरने हे सुधारणं जिकिरीचं असतं.

१९. सुई एकाच जागी अडकते किंवा पुढे उडी मारते. वर नाणं ठेवू का?

नको. आधी धुवा, अर्ध्या वेळा चिकटलेला कणच निघतो. मग दाब आणि अँटी-स्केट (टोनआर्म मध्याकडे ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) तपासा. तरीही अडकली तर अँटी-स्केट तेवढ्यापुरतं कमी-जास्त करा, किंवा कमी गतीवर तो तुकडा घ्या आणि प्रश्न १६ प्रमाणे सुधारा. अडकलेल्या फेऱ्या फाइलमधून कापून जोड ठोक्याच्या आरंभावर घ्या. तिथे तो लपतो.

२०. पाणी लावून ओली वाजवणं, किंवा लाकडाच्या गोंदाचा थर देऊन सोलणं: खरंच उपयोग होतो?

ओली वाजवली की चरचर लक्षणीय घटते, हे खरं. पण वाळताना विरघळलेला मळ खाचेतच बसतो आणि तीच रेकॉर्ड पुढे कोरडी जास्त चरचरते. शेवटचंच उतरवणं असेल, फक्त डिस्टिल्ड वॉटर असेल आणि नंतर लगेच धुणार असाल तरच करा. पांढरा पीव्हीए गोंद व्हिनाइलवर चांगला मळ ओढतो. थर जाड हवा, लेबल टाळायचं आणि पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबायचं. घाई केली तर तुकडे खाचेत राहतात. तसं झालं तर वरून नवा थर देऊन एकत्र सोला. लाखेच्या रेकॉर्डवर गोंद कधीच नाही, सोलताना पृष्ठभागच निघतो.

२१. गाणी सुटी कशी करू आणि कोणत्या स्वरूपात ठेवू?

प्रत्येक गाण्याच्या आरंभी लेबल टाका आणि ‘एक्स्पोर्ट ऑडिओ’मध्ये ‘मल्टिपल फाइल्स’ निवडून (ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्त्यांत ‘एक्स्पोर्ट मल्टिपल’) सगळी एकदम काढा. लेबल पहिल्या सुराच्या पाव सेकंद आधी ठेवा. नेमकं सुरावर ठेवलं तर सुरुवात चावल्यासारखी वाटते. मैफलीच्या रेकॉर्डमध्ये टाळ्यांच्या मध्ये कापू नका. साठवायला फ्लॅक (काहीही न गमावता फाइल लहान करणारं स्वरूप), फोनवर ऐकायला २५६ केबीपीएसचं एमपी३. कच्ची २४/९६ फाइलही फ्लॅकमध्येच ठेवा, तिच्या नावात मॅट्रिक्स क्रमांक (रेकॉर्डवर लेबलपाशी कोरलेला), बाजू, सुई आणि गती लिहा: पुढे चांगला डी-क्लिक हाती आला तर काम तिथूनच पुन्हा सुरू करता येतं.